लाळग्रंथीचा कॅन्सर: रिपोर्टवरून पुढच्या वर्षांचा अंदाज कसा बांधायचा

लाळग्रंथीच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातलं कुणीतरी त्याच रात्री मोबाईलवर शोधाशोध करतं आणि एक आकडा सापडतो: पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण अमुक टक्के. तो आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या माणसाचा नसतो. या एका नावाखाली वीसहून जास्त वेगवेगळे आजार येतात. काहींमध्ये एका शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पुढचं आयुष्य बिनधास्त जगतो. काहींमध्ये पहिली दोन-तीन वर्षंच सगळं ठरवतात. आणि एका प्रकारात पाच वर्षं उत्तम जाऊनही दहाव्या-बाराव्या वर्षी फुप्फुसात गाठी दिसू शकतात. या सगळ्यांची एकत्र सरासरी काढली तर ती कुणालाच नीट लागू पडत नाही.

म्हणून अंदाज बांधायचा तर क्रमानं बांधावा लागतो. हा लेख नातेवाइकांसाठी आहे, आणि ज्यांच्या टेबलावर लोक रिपोर्टची फाइल ठेवून "डॉक्टर, तुम्हीच सांगा" म्हणतात त्या गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांसाठीही. तो वाचून उपचार ठरवायचे नाहीत. तज्ज्ञांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं आणि मिळालेल्या उत्तराचं वजन कसं करायचं, एवढं यातून हाती लागावं.

आधी फाइल पूर्ण करा

अंदाजासाठी लागणारे कागद हे: शस्त्रक्रियेनंतरचा अंतिम हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा), सर्जनची ऑपरेशन नोट, शस्त्रक्रियेआधीचा एमआरआय किंवा सीटी, छातीचा सीटी, आणि केले असतील तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखण्याची तपासणी) व जनुकीय चाचण्यांचे रिपोर्ट. यांतला एक जरी नसला तरी अंदाज लंगडा राहतो. ऑपरेशन नोट तर बहुतेक घरांत नसतेच, कारण डिस्चार्ज कार्ड मिळालं की लोक निघतात. ती मागून घ्या. चेहऱ्याची नस वाचवली, सोलून काढली की कापावी लागली, हे फक्त तिथेच नीट लिहिलेलं असतं.

सुईनं गाठीतल्या पेशी काढून केलेल्या एफएनएसी तपासणीवरून पुढची वर्षं मोजू नका. ती तपासणी गाठ कोणत्या गटात बसते एवढं सांगते. त्यासाठी २०१८ पासून मिलान पद्धत वापरली जाते आणि तिच्या रिपोर्टवर १ ते ६ असा वर्ग लिहिलेला असतो. सहावा वर्ग म्हणजे कॅन्सरच, चौथ्यातला पहिला उपवर्ग म्हणजे जवळपास नक्की साधी गाठ. मधल्या वर्गांत मात्र खरं उत्तर गाठ काढल्यावरच मिळतं.

गाठ कुठल्या ग्रंथीतली आहे हेही फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानाखालची पॅरोटिड (गालगुंडात सुजते ती), जबड्याखालची आणि जिभेखालची. शिवाय टाळू, ओठ, गाल आणि घशाच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता जास्त. पॅरोटिडमधल्या साधारण चार-पाच गाठींपैकी एक कॅन्सरची असते, जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं, आणि जिभेखालच्या ग्रंथीत बहुतेक गाठी कॅन्सरच्याच निघतात.

पहिली पायरी: नाव

इतर बऱ्याच कॅन्सरांत लोक पहिल्यांदा स्टेज विचारतात. इथे आधी नाव विचारा. माझ्या मते सगळ्या अंदाजाचा निम्मा भार या एका ओळीवर असतो.

म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा हा सर्वात जास्त आढळणारा प्रकार. त्याचं भवितव्य जवळजवळ पूर्णपणे ग्रेडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती आक्रमक दिसतात यावर चालतं. लो ग्रेड असेल आणि पूर्ण निघाला असेल तर पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण हयात असतात. हाय ग्रेडमध्ये हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. नाव एकच, पण वागणूक दोन वेगळ्या आजारांची.

एसिनिक सेल कार्सिनोमा, सिक्रेटरी कार्सिनोमा आणि टाळूवर बहुधा दिसणारा पॉलिमॉर्फस एडिनोकार्सिनोमा हे सहसा संथ असतात. यांचे रुग्ण मोठ्या संख्येनं दीर्घ आयुष्य जगतात. अपवाद एकच, आणि तो रिपोर्टमध्ये शोधायचा: "हाय ग्रेड ट्रान्सफॉर्मेशन" हे शब्द, म्हणजे संथ आजाराचा काही भाग आक्रमक झाल्याची नोंद. ते असतील तर संथ आजाराचे आकडे बाजूला ठेवा.

एडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा या कुटुंबातला सर्वात फसवा आजार. तो सावकाश वाढतो, नसांच्या कडेकडेनं सरकतो, मानेतल्या लिम्फ गाठींत (प्रत्येकाच्या मानेत मुळातच असणाऱ्या बारीक गाठींत; पुढे "मानेतल्या गाठी" म्हणजे याच) कमी जातो आणि फुप्फुसात उशिरा उतरतो. पाच वर्षांनी चारातले तीन किंवा त्याहून जास्त रुग्ण हयात असतात, त्यामुळे आकडा छान दिसतो. पंधरा वर्षांचा आकडा काढला तर तो चाळीसच्या आसपास येतो. म्हणून या आजारात "पाच वर्षांचं प्रमाण" हा प्रश्नच अपुरा आहे. दहा आणि पंधरा वर्षांचा आकडा विचारा. याच रिपोर्टमध्ये पेशींची मांडणीही लिहिलेली असते: ट्यूब्युलर, क्रिब्रिफॉर्म किंवा सॉलिड. गाठीतला सॉलिड भाग ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आजार आक्रमक धरला जातो.

सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा हा दुसऱ्या टोकाचा. बहुधा साठीच्या आसपासच्या पुरुषांत, पॅरोटिडमध्ये, झपाट्यानं वाढणारा. निदान होईपर्यंत मानेतल्या गाठींत आणि अनेकदा चेहऱ्याच्या नसेत गेलेला असतो. याचा वेगळा ग्रेड विचारायची गरज नाही, तो मुळातच हाय ग्रेड आहे.

कार्सिनोमा एक्स प्लिओमॉर्फिक एडिनोमा असं लांबलचक नाव असेल तर त्याचा अर्थ असा: कानाखाली वर्षानुवर्षं असलेली साधी गाठ आतून बदलली. दहा-पंधरा वर्षं "दुखत नाही, राहू दे" म्हणून ठेवलेल्या गाठी अशाच अचानक वाढू लागतात. साध्या गाठीत असा बदल होण्याची शक्यता पहिल्या पाच वर्षांत दीड टक्क्याच्या आसपास असते आणि पंधरा वर्षांनंतर दहा टक्क्यांजवळ पोचते. या निदानात एक शब्द सगळं बदलतो. "इंट्राकॅप्सुलर" किंवा "मिनिमली इन्व्हेझिव्ह" लिहिलं असेल, तर कॅन्सर जुन्या गाठीच्या आवरणात किंवा त्याच्या अगदी लगत आहे आणि भवितव्य फार चांगलं. "वाइडली इन्व्हेझिव्ह" असेल तर आतमध्ये नेमका कोणता कॅन्सर तयार झाला ते विचारा आणि त्याचे आकडे धरा.

आणि पॅरोटिडच्या रिपोर्टवर फक्त "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा" लिहिलं असेल तर थांबा. तिथे मुळात उगवलेला स्क्वॅमस कॅन्सर दुर्मीळ असतो. डोक्याच्या किंवा चेहऱ्याच्या त्वचेवरून तो पॅरोटिडमधल्या लिम्फ गाठीत आलेला असू शकतो, किंवा तो हाय ग्रेड म्युकोएपिडरमॉइडच असू शकतो. डोक्याची व चेहऱ्याची त्वचा, तोंड, घसा नीट तपासल्याशिवाय त्या रुग्णाला कुठलाच आकडा लावू नये.

हे सगळं नावावर अवलंबून असल्यामुळे स्लाइड दुसऱ्या डोळ्यांखाली जाणं फार मोलाचं आहे. हे कॅन्सर क्वचित आढळतात. डोके-मानेच्या सगळ्या कॅन्सरांतही त्यांचा वाटा शंभरात पाचेक. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याच्या लॅबमधल्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालूनही वर्षात मोजकेच जातात. लॅबकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या. ते तुम्हाला मिळू शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात त्यांचं पुन्हा वाचन होतं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्यातली इतर केंद्रंही आहेत, आणि ग्रिडशी जोडलेल्या "नव्या" या ऑनलाइन सेवेमार्फत घरबसल्या तज्ज्ञांचं मत मागवता येतं. फेरवाचनात नाव किंवा ग्रेड बदलला तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. पुढच्या पायऱ्या त्यानंतरच चढा.

दुसरी पायरी: आजार किती पसरला आहे

आता स्टेज. इथे अमेरिकेतल्या एजेसीसी या संस्थेच्या स्टेज ठरवण्याच्या नियमांची १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेली आठवी आवृत्ती धरली आहे. त्यात टी म्हणजे मूळ गाठीचा पसारा आणि एन म्हणजे मानेतल्या लिम्फ गाठी. मोठ्या ग्रंथींसाठी हिशेब असा:

टी१ म्हणजे गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, टी२ म्हणजे २ ते ४. चारच्या वर गेली किंवा ग्रंथीबाहेरच्या मांसल भागात डोळ्यांना दिसेल इतकी शिरली तर टी३. फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बाहेर दिसली तर त्यावरून टी वाढवत नाहीत. त्वचा, जबड्याचं हाड, कानाची नळी किंवा चेहऱ्याची नस पकडली असेल तर टी४ए. कवटीचा तळ किंवा मानेची मोठी रोहिणी वेढली असेल तर टी४बी.

मानेतल्या गाठींसाठी तीन गोष्टी बघा: किती गाठींत कॅन्सर निघाला, सर्वात मोठी किती सेंटिमीटरची, आणि तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आला का. हा तिसरा मुद्दा नातेवाईक विचारत नाहीत आणि तो फार महत्त्वाचा आहे. अनेक गाठींत आजार असून एकीचंही आवरण फुटलं असेल तर एन३बी होतं आणि स्टेज सरळ चारवर जाते. एकूण किती गाठी काढून तपासल्या तेही वाचा. ३० गाठी तपासून सगळ्या कोऱ्या निघाल्या आणि ४ तपासून कोऱ्या निघाल्या, या दोन्हींना रिपोर्टमध्ये एन०च म्हणतात, पण पहिल्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

टी१ एन० म्हणजे पहिली स्टेज, टी२ एन० म्हणजे दुसरी. टी३ किंवा एकच छोटी, आवरण शाबूत असलेली गाठ (एन१) म्हणजे तिसरी. पुढचं सगळं चौथीच्या अ, ब, क भागांत. चौथी स्टेज ऐकताच घरचे हातपाय गाळतात. पण ४ए आणि ४बी मध्ये आजार चेहरा-मानेपुरताच आहे, आणि ४ए मधल्या बहुतेक रुग्णांत उपचार बरं करण्याच्याच हेतूनं होतात. फुप्फुसात, हाडांत किंवा यकृतात गेलेला म्हणजे ४सी. "चौथी" ऐकलं की पुढचं अक्षर विचारा.

टाळू, जीभ, गाल इथल्या बारीक ग्रंथींच्या कॅन्सरला हे कोष्टक लागू होत नाही. तो ज्या जागी आहे त्या जागेच्या कोष्टकानं स्टेज ठरते. म्हणजे टाळूचा असेल तर तोंडाच्या कॅन्सरचं कोष्टक.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीत सगळे प्रकार एकत्र धरून, आजार ग्रंथीपुरता असताना पाच वर्षांचं सापेक्ष प्रमाण (त्याच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत जगण्याचं) नव्वदीच्या पुढे आहे, आसपास किंवा मानेत गेला असेल तर साधारण दोन तृतीयांश, आणि दूर पसरला असेल तर निम्म्याच्या खाली. मोबाईलवर सापडतात ते आकडे बहुधा हेच. नाव आणि ग्रेड कळल्याशिवाय यांचा उपयोग फक्त दिशा समजण्यापुरता.

तिसरी पायरी: कडा आणि नसा

रिपोर्टमध्ये "मार्जिन" या शब्दाजवळ मिलिमीटरमध्ये आकडे असतात. गाठीभोवती निरोगी ऊतीची किती पट्टी निघाली, ते त्यातून कळतं. कडेवरच कॅन्सर असेल तर आजार त्याच जागी उलटण्याची भीती वाढते. पण पॅरोटिडमध्ये एक अडचण समजून घ्या. चेहऱ्याची नस ग्रंथीच्या मधोमध जाते. गाठ नसेला टेकलेली असते आणि चांगली चालणारी नस कापू नये म्हणून सर्जन तिथे कड जवळची ठेवतो. अशी जवळची कड म्हणजे सर्जनची चूक नव्हे. त्यानंतर नीट शेक (रेडिएशन) दिला तर जागेवरचा ताबा बहुतेकदा चांगला राहतो.

नसांबद्दल दोन वेगळ्या नोंदी असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. "पेरिन्युरल इन्व्हेजन" म्हणजे गाठीतल्या किंवा आसपासच्या बारीक नसांभोवती पेशी दिसल्या. एडिनॉइड सिस्टिकमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की तेवढ्यानं घाबरू नये. कोणती नस, किती जाडीची, हे विचारा. नाव असलेली मोठी नस पकडली असेल तर ते गंभीर. इतर प्रकारांत मात्र ही नोंद असली तर अंदाज एक पाऊल खाली येतो. "लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन" म्हणजे रक्तवाहिन्यांत किंवा लिम्फ वाहिन्यांत पेशी दिसल्या. ही नोंद दूर पसरण्याकडे बोट दाखवते.

दुसरी गल्लत चेहऱ्याच्या लकव्याची. शस्त्रक्रियेआधीच तोंड वाकडं झालं असेल, डोळा मिटत नसेल, तर कॅन्सर नसेत शिरला आहे आणि तो वाईट संकेतांपैकी सर्वात मोठ्यांत गणला जातो. शस्त्रक्रियेनंतर तोंड वाकडं झालं तर त्याचा आयुष्याच्या अंदाजाशी तसा संबंध नाही. नस ताणली गेली असेल तर काही महिन्यांत सुधारणा दिसते. कितीतरी घरांत वाकडा चेहरा बघून "पसरलाय" असं मनात धरलं जातं. तारीख बघा: आधी की नंतर.

चौथी पायरी: जनुकं आणि रिसेप्टर

ही पायरी प्रत्येकाला लागत नाही. लो ग्रेड, लहान, पूर्ण निघालेल्या गाठीला इथे पैसे घालवू नका. नाव नक्की होत नसेल, किंवा आजार हाय ग्रेड असेल, उलटला असेल, पसरला असेल, तर मात्र विचाराच.

सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमात हर-टू आणि अँड्रोजन रिसेप्टर (कॅन्सरच्या पेशींतली प्रथिनं, ज्यांना रोखणारी औषधं आहेत) बघितलेच पाहिजेत. अँड्रोजन रिसेप्टर बहुतेकांत सापडतो, हर-टू साधारण तिघांतल्या एकात. जपानमध्ये ५७ हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांना ट्रॅस्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध) आणि डोसिटॅक्सेल (केमोथेरपी) एकत्र दिलं, त्याचे निकाल २०१९ मध्ये आले: सुमारे ७० टक्के रुग्णांत गाठी आकसल्या आणि मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, ३९.७ महिने निघालं. इतक्या आक्रमक, पसरलेल्या आजारात हा मोठा फरक आहे. हर-टूची तपासणी स्तनाच्या कॅन्सरसाठी जवळपास प्रत्येक शहरात होते, आणि ट्रॅस्टुझुमॅबचं देशी बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं) भारतात २०१४ पासून मिळतं. म्हणजे हे फक्त परदेशातलं औषध नाही. विचारलं नाही म्हणून राहून गेलं, असं होऊ देऊ नका.

सिक्रेटरी कार्सिनोमा २०१० मध्ये वेगळा आजार म्हणून ओळखला गेला. त्यात ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही जनुकं जोडली गेलेली असतात आणि त्यावर लॅरोट्रेक्टिनिब हे नेमकं औषध आहे, अमेरिकेत २०१८ पासून मंजूर. एडिनॉइड सिस्टिकमध्ये एमवायबी जनुकातला बदल निदान पक्कं करतो. नॉच१ मधला बदल असेल तर आजार जास्त आक्रमक असण्याची शक्यता असते.

एक सूचना पेट स्कॅनबद्दल. पेटवर गाठ किती "पेटली" यावरून या आजाराची तीव्रता मोजू नका. वॉर्थिन ट्यूमर ही साधी गाठ पेटवर झगझगते आणि एडिनॉइड सिस्टिक कधी कधी दिसतही नाही.

पाचवी पायरी: समोरचा माणूस

वय, हृदय, मधुमेह, मूत्रपिंड, वजन, स्वतःची कामं स्वतः करता येतात का. ७८ वर्षांच्या, बायपास झालेल्या आजोबांचा लो ग्रेड म्युकोएपिडरमॉइड पूर्ण निघाला असेल, तर त्यांचं पुढचं आयुष्य कॅन्सर ठरवणार नाही. नातेवाइकांनी त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांकडे जास्त लक्ष द्यावं.

याच पायरीत उपचार पूर्ण होणं येतं, आणि इथे आपल्याकडचा एक कळीचा प्रश्न आहे. पुस्तकातले आकडे बहुधा ठरलेले उपचार पूर्ण घेतलेल्या रुग्णांचे असतात. कड जवळची, हाय ग्रेड, टी३-टी४, मानेत गाठी, नसेत आजार, यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवा. ६० ते ६६ ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), रोज थोडा थोडा, सहा-साडेसहा आठवडे. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातून येणाऱ्या माणसाला तेवढा काळ शहरात राहायचं म्हणजे खोली, जेवण, बुडालेली मजुरी. लोक अर्ध्यावर परत जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि शेक दोन्ही बसतात, तेव्हा कागद शस्त्रक्रियेआधीच तयार करा आणि राहण्याच्या सोयीसाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला पहिल्याच भेटीत भेटा. शेकाआधी दातही तपासून घ्या. किडलेले दात नंतर काढावे लागले तर जबड्याचं हाड बिघडू शकतं.

सहावी पायरी: आता आकडा

इतकं हाती आल्यावर तज्ज्ञ एखादं मोजमाप वापरू शकतात. नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून १९९९ मध्ये पॅरोटिडच्या कॅन्सरसाठी दोन गुणांक आले. पहिला उपचाराआधीचा. त्यात वय, दुखणं, टी, एन, त्वचेत शिरकाव आणि चेहऱ्याच्या नसेचा लकवा मोजतात. दुसरा शस्त्रक्रियेनंतरचा, ज्यात दुखणं वगळून नसांभोवतीचा प्रसार आणि कड यांची भर पडते. त्यावरून रुग्ण चार गटांत विभागतात, आणि पुढे इतर ठिकाणच्या रुग्णांवरही हे गट पडताळून पाहिले गेले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून २०१३ मध्ये आजार उलटण्याची शक्यता काढणारा नोमोग्राम (प्रत्येक घटकाला गुण देऊन टक्का काढायचा तक्ता) आला. त्याचे घटक पाचच: वय, ग्रेड, रक्तवाहिन्यांत शिरकाव, नसांभोवती प्रसार, मानेतल्या गाठी. या लेखातल्या पायऱ्या आणि ते पाच घटक जुळतात हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

अशा कुठल्याही आकड्याला तीन प्रश्न विचारा.

कशाचा आकडा? एकूण जगण्याचा, फक्त या कॅन्सरनं मृत्यू न होण्याचा, की आजार न उलटता जगण्याचा? तिन्ही वेगळे असतात. आजार उलटूनही माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो, विशेषतः एडिनॉइड सिस्टिकमध्ये.

कोणाचा आकडा? एका मोठ्या अमेरिकी केंद्रातल्या तीनेकशे रुग्णांवरून काढलेलं मोजमाप, उशिरा आलेल्या आणि शेक लांबलेल्या रुग्णाला जास्त आशावादी ठरेल. मोजमापाची क्रमवारी सहसा टिकते, म्हणजे जास्त धोका कुणाला आणि कमी कुणाला हे बरोबर येतं. टक्का मात्र जसाच्या तसा उचलू नये.

किती वर्षांचा? समजा दोन रुग्ण आहेत. एक ४६ वर्षांची बाई, जबड्याखाली २.६ सेंटिमीटरचा एडिनॉइड सिस्टिक, मान कोरी, कड जवळची: स्टेज दोन. दुसरे ५१ वर्षांचे गृहस्थ, पॅरोटिडमध्ये ३ सेंटिमीटरचा मधल्या ग्रेडचा म्युकोएपिडरमॉइड, मानेत एक छोटी गाठ, आवरण शाबूत: स्टेज तीन. कागदावर गृहस्थांचा आजार जास्त गंभीर दिसतो आणि पहिल्या काही वर्षांपुरतं ते खरंही असेल. पण ते पाच वर्षं स्वच्छ राहिले तर त्यांची भीती बरीच ओसरते. बाईंची ओसरत नाही. त्यांच्या फुप्फुसांवर दहा, पंधरा वर्षं नजर ठेवावी लागेल.

आजार दूर पसरला असेल तर टक्के सोडा आणि काळाचे पट्टे विचारा. तिथे डॉक्टर "मध्यक" आयुष्य सांगतात, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी आणि निम्मे त्याहून जास्त जगले. ऑस्ट्रेलियातल्या कॅन्सरतज्ज्ञांनी यासाठी एक सोपी रीत मांडली आहे. मध्यक २४ महिने असेल असं धरा. साधारण निम्मे रुग्ण त्याच्या निम्मा ते दुप्पट, म्हणजे १२ ते ४८ महिने या पट्ट्यात येतात. शंभरातले पाच-दहा सहा महिन्यांच्या आत जातात आणि पाच-दहा सहा वर्षांच्या पुढे जातात. एकच आकडा दिला तर घर ती तारीख धरून बसतं. पट्टा दिला तर मुलीचं लग्न, जमिनीची कागदपत्रं, राहिलेला प्रवास यांचं नियोजन होतं आणि आशेलाही जागा राहते.

एडिनॉइड सिस्टिकच्या फुप्फुसातल्या गाठी दिसल्या तर आणखी एक माहिती मिळवा: वेग. तीन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन सीटी करून तीच गाठ किती वाढली ते मोजतात. वाढ अगदी मंद असेल आणि त्रास नसेल तर कित्येकदा औषध न देता नुसतं लक्ष ठेवणं हाच योग्य उपचार असतो. "काहीच करत नाहीत" म्हणून डॉक्टर बदलू नका. हाडात गेलेला आजार मात्र फुप्फुसातल्यापेक्षा सहसा जास्त वेगानं जातो.

घरात कसं बोलायचं

"आईला काही सांगू नका" असं मुलं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतात. मी त्यांचं प्रेम समजू शकतो, पण सगळ्यांनी मिळून गप्प राहणं मला पटत नाही. आईला वजन कमी झालेलं कळतं, रोजची गाडी कुठल्या हॉस्पिटलला जाते तेही कळतं. आधी तिलाच विचारा: "आई, डॉक्टर काय म्हणाले ते तुला किती सविस्तर ऐकायचंय?" काही जणांना टक्का हवा असतो, काहींना फक्त "पुढच्या दिवाळीचं ठरवू ना?" एवढंच. तिनं नको म्हटलं तर सांगू नका. तिनं विचारलं तर खोटं बोलू नका.

काळ पुढे सरकला की अंदाज पुन्हा काढा

पहिल्या दिवशीचा आकडा दोन वर्षांनी लागू नसतो, आणि हे फार कमी लोकांना सांगितलं जातं. शंभर रुग्णांपैकी दोन वर्षांनी ८० आणि पाच वर्षांनी ६० हयात असतात असं धरा. पहिल्या दिवशी पाच वर्षांची शक्यता ६० टक्के. जो दोन वर्षं पार करून समोर बसला आहे तो आता ८० जणांपैकी एक आहे, म्हणजे त्याची शक्यता ६० भागिले ८०, अर्थात ७५ टक्के. हाय ग्रेड आजारांत ही सुधारणा ठळक दिसते, कारण धोका सुरुवातीच्या वर्षांत एकवटलेला असतो. एडिनॉइड सिस्टिकमध्ये ती फारशी दिसत नाही.

तपासणीचं वेळापत्रकही याच तर्कावर बेतलेलं असतं: पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, तिसऱ्या ते पाचव्या वर्षी चार ते आठ महिन्यांनी, पुढे दरवर्षी. प्रत्येक भेटीला जुन्या स्कॅनच्या सीडी न्या, फक्त रिपोर्टचे कागद नकोत, कारण गाठ वाढली का हे चित्रं शेजारी ठेवूनच कळतं. चेहऱ्याच्या एका बाजूला नव्यानं बधिरपणा, मुंग्या किंवा चावताना दुखणं सुरू झालं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, नसेच्या वाटेनं आजार उलटतोय का ते एमआरआयवर बघावं लागतं. आणि एडिनॉइड सिस्टिक असेल तर पाच वर्षांनी "आता यायची गरज नाही" असं कुणी म्हटलं तरी वर्षातून एकदा जा आणि छातीचा सीटी कधी करायचा ते तज्ज्ञांकडून लिहून घ्या.